मांडणी पुढे, गल्ला मागे

अक्षय्य तृतीयेला चार दिवस उरले होते. रत्नागिरीकडच्या एका आंबा बागायतदाराचं ऑनलाइन दुकान तेव्हा मी सांभाळत होतो. पहिल्या पानावर ‘पाच डझनी पेटीचं बुकिंग सुरू’ अशी पट्टी लावायची होती, म्हणून थीमची नवी आवृत्ती चढवली. पट्टी छान दिसली. दोन दिवसांनी माल भरायच्या शेडमधून फोन आला की पेट्यांवर चिकटवायच्या पत्त्यांत पिनकोडच नाहीत. नव्या थीमने चेकआउटच्या पानाची स्वतःची प्रत सोबत आणली होती आणि त्या प्रतीत पिनकोडचा रकाना नव्हता. दोन दिवसांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून पिनकोड विचारावा लागला, आणि ज्यांनी फोन उचलला नाही त्यांची फळं पिकत राहिली.

पट्टी लावणं हे मांडणीचं काम होतं आणि धक्का बसला गल्ल्याला. ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येकाने ही दोन कामं कुठे जोडलेली आहेत, ती सोडवायची का आणि सोडवायची तर कशी, हे एकदा नीट बघून घ्यावं, असं मला तेव्हापासून वाटतं.

ऑनलाइन दुकानात खरं तर दोन दुकानं असतात. एक गिऱ्हाइकाला दिसतं: फोटो, भाव, शोधायची चौकट, पिशवीत टाकलेल्या वस्तू. दुसरं दिसत नाही: मालाची यादी, साठा, सवलतीचे नियम, कर, पैसे आले की नाही याची नोंद, पाठवणीच्या चिठ्ठ्या. वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स घ्या किंवा शॉपिफायची तयार थीम घ्या, नेहमीच्या रचनेत ही दोन्ही एकाच यंत्रणेत एकमेकांत विणलेली असतात. ती वेगळी करायची म्हणजे पुढच्या बाजूने मागच्या वहीत थेट हात घालायचा नाही. जे हवं ते ठरलेल्या खिडकीतून मागायचं आणि खिडकीतून मिळेल तेवढंच दाखवायचं. त्या खिडकीला एपीआय म्हणतात, आणि अशा दुकानाला या कामातले लोक हेडलेस म्हणतात.

आपल्या देशात याचं फार मोठं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ओएनडीसी ही कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झाली आणि २०२२ मध्ये काही शहरांत तिच्या जाळ्याची चाचणी सुरू झाली. तिथे गिऱ्हाईक एका ॲपमध्ये असतं, विक्रेत्याचा माल दुसऱ्याच एखाद्या कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो आणि ही दोघं बेकन नावाच्या प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलतात. माल एकदा नोंदवला की तो वेगवेगळ्या खरेदी ॲपवर दिसू शकतो. तुमची अडचण फक्त ‘माझा माल आणखी चार ठिकाणी दिसावा’ एवढीच असेल, तर स्वतःचं दुकान फोडून नव्याने बांधण्याआधी ओएनडीसीच्या विक्रेता ॲपची चौकशी करा. तेवढ्यावर भागण्याची शक्यता बरीच आहे.

मुळात हे काम सगळ्यांसाठी नाही. एकच वेबसाइट आहे, पंचवीस-तीस वस्तू आहेत, दुकान बघणारा माणूस एकटा आहे, अशा दुकानाने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन बाजू वेगळ्या झाल्या की होस्टिंग दोन, बिघडण्याच्या जागा दोन आणि दुरुस्तीला लागणारी माणसंही दोन प्रकारची. शिवाय आज जे प्लगइन गिऱ्हाइकाला काहीतरी दाखवतात, म्हणजे अभिप्रायाचे तारे, कूपनची चौकट, घरपोच रोख पैशांचा जादा आकार, ते नव्या दर्शनी बाजूवर आपोआप येत नाहीत. त्यातलं प्रत्येक पुन्हा लिहून घ्यावं लागतं. अंदाजपत्रकात ही ओळ बहुतेक वेळा नसतेच.

‘साइट हळू चालते’ एवढ्या कारणासाठी तर अजिबात घाई करू नका. आधी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये जाऊन तीन आकडे बघा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पानाने प्रतिसाद दिला पाहिजे. ही कसोटी मार्च २०२४ पासून जुन्या मापाच्या जागी आली. आणि पान उघडताना मजकूर जागचा हलण्याचं माप ०.१ च्या आत हवं. चारांतल्या तीन भेटींना तरी हे जमलं तर साइट ठीक आहे असं धरतात. मी बघितलेल्या बहुतेक हळू दुकानांत दोष फोटोंचा होता. कॅमेऱ्यातून आलेला काही एमबींचा फोटो जसाच्या तसा चढवलेला, आणि कधीकाळी बसवलेली, आता कोणी वापरत नाही अशी प्लगइनं. दोन दिवसांची झाडलोट केली की अशी साइट पळू लागते.

मग कोणी करावं? ज्याचं दुकान एकाहून जास्त तोंडांनी बोलतं त्याने. वेबसाइट आहे, मोबाइल ॲप काढायचं आहे, दादर-पार्ल्याच्या प्रदर्शनात टेबल लावून तिथेही त्याच साठ्यातून विकायचं आहे, अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी दिवाळीच्या फराळाचं वेगळं इंग्रजी पान हवं आहे. भाव, साठा आणि नोंद एकच, पण दारं चार. इथे वेगळेपणाचा खर्च भरून निघतो. दुसरं कारण म्हणजे मांडणी सतत बदलणारी माणसं आणि हिशेब सांभाळणारी माणसं वेगळी असणं. एकाच्या कामाने दुसऱ्याची झोप जाऊ नये.

करायचं ठरलं, तर पहिलं काम नवं सॉफ्टवेअर निवडण्याचं नाही. आधी मालाच्या नोंदी साफ करायच्या. आजच्या दुकानात वस्तूचं वर्णन उघडून बघा. त्यात रंग असतील, मोठी-लहान अक्षरं करण्याच्या खुणा असतील, थीमचे चौकटी कंसातले शॉर्टकोड असतील, आणि या सगळ्याच्या मधोमध ‘फळाचं वजन २५० ते ३०० ग्रॅम, देवगड, कार्बाइडमुक्त’ अशी खरी माहिती अडकलेली असेल. ती वेगळी काढून वजनाला वजनाचा रकाना, गावाला गावाचा, पिकवण्याच्या पद्धतीला तिचा, असं लावून घ्या. मागच्या बाजूला फक्त माहिती राहिली पाहिजे. ती कशी दिसावी हे पुढची बाजू ठरवेल. साठ्याचं एककही इथेच ठरवा. आंब्यात आम्ही पेटी मोजत होतो आणि सारखे चुकत होतो, कारण पेटीत किती डझन बसणार हे फळाच्या आकारावर असतं. प्रत आणि डझन हे एकक धरलं, पेटी ही फक्त विकण्याची बांधणी मानली, तेव्हा साठा जुळायला लागला. हे काम तुम्ही नव्या रचनेकडे गेला नाहीत तरी वाया जाणार नाही.

मागच्या बाजूसाठी काय वापरावं याचं उत्तर बहुधा ‘आत्ता आहे तेच’ असं असतं. वूकॉमर्सला दोन खिडक्या आहेत. एक स्टोअर एपीआय, जी माल दाखवणं, पिशवी भरणं यासाठी गिऱ्हाइकाच्या बाजूने वापरायची. दुसरी व्यवस्थापनाची, जिला गुप्त किल्ली लागते. शॉपिफायमध्येही अशीच विभागणी आहे, एक स्टोअरफ्रंट एपीआय आणि एक ॲडमिन एपीआय. दर्शनी बाजू बांधायला शॉपिफायने हायड्रोजन नावाचा सांगाडा दिलेला आहे, पण तो वापरलाच पाहिजे असं नाही. नेक्स्ट जेएससारख्या साधनांनीही ती बांधता येते. मॅजेंटो, म्हणजे आताचं अडोबी कॉमर्स, वापरणाऱ्यांना ग्राफक्यूएलची खिडकी आहे. सगळं नव्याने आणि आपल्या सर्व्हरवर हवं असेल तर मेडुसा आणि सालेओर ही मुक्त स्रोतातली, मुळातच दर्शनी बाजूशिवाय बनवलेली यंत्रं आहेत. ती चांगली आहेत, पण पदरी प्रोग्रामर असेल तरच घ्या.

आता नियम कुठे बसतात ते बघू. इथे चूक झाली की थेट पैशांचं नुकसान होतं, म्हणून जरा सावकाश जाऊ.

गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये चालणारा कोड हा गिऱ्हाइकाच्या ताब्यातला कोड असतो. तो कोणालाही वाचता येतो आणि बदलताही येतो. म्हणून व्यवस्थापनाची गुप्त किल्ली तिथे कधीही ठेवायची नाही. ती तिथे गेली तर सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन उघडे पडतात. नव्या साइटचं काम हातात आलं की ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत उघडून तिथे अशी किल्ली दिसते का, हे कोणाकडून तरी तपासून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

तोच न्याय भावाला. पुढच्या बाजूने ‘हापूस, पहिली प्रत, दोन डझन’ एवढंच सांगावं. त्याचे किती रुपये, सवलत लागते का, कोल्हापूरला पाठवायचा खर्च किती, हे मागच्या बाजूने स्वतः मोजावं. पुढून रक्कम आली आणि मागे तीच स्वीकारली, असं एका जरी ठिकाणी असेल तर कोणीतरी एक दिवस एक रुपयात पेटी घेऊन जाईल. करही मागेच. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, लोणच्यावर आणि आमरसाच्या डब्यावर आहे. शिवाय महाराष्ट्रातल्या पत्त्याला केंद्राचा आणि राज्याचा मिळून, तर परराज्यातल्या पत्त्याला एकत्रित कर लागतो. हा हिशेब दोन ठिकाणी लिहिला की दोन वेगळी उत्तरं येणारच.

साठ्याचं कोडं थोडं वेगळं आहे. वेग मिळावा म्हणून नव्या दर्शनी बाजूची पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात. सकाळी सातला तयार झालेलं पान दुपारी बारालाही ‘उपलब्ध’ म्हणत राहतं. वर्णन आणि फोटो असे साठवून ठेवायला हरकत नाही. भाव आणि साठा मात्र पान उघडल्यावर ताजा मागवावा, पिशवीत टाकताना पुन्हा बघावा आणि पैसे भरायच्या आधी शेवटचा. मधल्या वेळात भाव बदलला असेल तर तसं स्पष्ट लिहून गिऱ्हाइकाला निवड द्यावी. गुपचूप नवी रक्कम लावली की माणूस परत येत नाही.

आणि यूपीआय. आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाईक पैसे भरताना तुमचं पान सोडून दुसऱ्या ॲपमध्ये जातं. तिथे पिन टाकतं, पैसे जातात, आणि मग ते तिथूनच फोन खिशात टाकतं. तुमच्या पानावर परत येतच नाही. ‘धन्यवाद, ऑर्डर मिळाली’ हे पान उघडलं की ऑर्डर पक्की करायची, अशी रचना असेल तर ही ऑर्डर कायमची अधांतरी राहते. पैसे आल्याची खरी खबर पेमेंट गेटवे तुमच्या सर्व्हरला परस्पर पाठवतो. तिला वेबहुक म्हणतात. ऑर्डर पक्की करायची ती याच खबरीवर. खबर खरीच गेटवेकडून आली आहे का, हे तिच्यासोबतच्या सहीवरून तपासायचं. तीच खबर दोनदा येऊ शकते, तेव्हा दुसऱ्यांदा आल्यावर दुसरी पेटी पाठवली जाणार नाही याची सोय करायची. कधी खबर उशिरा येते. वूकॉमर्समध्ये पैसे न भरलेल्या ऑर्डरसाठी साठा किती मिनिटं धरून ठेवायचा याची सेटिंग असते आणि ती मुळात ६० वर असते. साठाव्या मिनिटाला ऑर्डर रद्द झाली, पेटी दुसऱ्याला गेली आणि एकसष्टाव्या मिनिटाला पैसे आल्याची खबर आली, तर काय करायचं? पैसे परत की पुढच्या तोडणीतली पेटी? हे प्रोग्रामरने ठरवायचं नसतं. मालकाने बसून, कागदावर लिहून द्यायचं असतं.

रकमेबद्दल एक बारीक गोष्ट. रेझरपेसारखे गेटवे रक्कम पैशांत मागतात. ५०० रुपयांसाठी ५०००० असा आकडा जातो. जुनं प्लगइन हे आपोआप करत होतं. स्वतः लिहिताना इथे चूक झालेली मी पाहिली आहे. कार्डाचा नंबर घ्यायची चौकट मात्र स्वतः बांधूच नका, गेटवेचीच वापरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन वापरावं लागतं.

नवी मांडणी करताना कायद्याने दाखवायची माहिती गळून पडते, हा धोकाही लक्षात ठेवा. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार परतीच्या आणि पैसे परत देण्याच्या अटी, वस्तूचा मूळ देश, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. संमतीची चौकट आधीच टिचकी मारून ठेवलेली चालत नाही. जुन्या थीमच्या तळपट्टीत हे कुठेतरी असतं आणि नवा डिझायनर ती तळपट्टी स्वच्छ करून टाकतो. म्हणून अशी माहिती मागच्या बाजूला रकान्यांत ठेवा, म्हणजे कुठलंही दार उघडलं तरी ती तिथे पोचेल.

मराठी दुकानांसाठी दोन खास गोष्टी. पानाचा पत्ता देवनागरीत असेल तर वर्डप्रेस तो टक्क्याच्या खुणांच्या रूपात साठवतं. एका अक्षरचिन्हाला नऊ जागा लागतात आणि मर्यादा २०० ची आहे. त्यामुळे बावीस चिन्हांच्या पुढे पत्ता कापला जातो. नव्या बाजूने पूर्ण नावावरून पत्ता बनवला तर तो जुन्याशी जुळणार नाही आणि गूगलमधून येणारी माणसं रिकाम्या पानावर आदळतील. जुन्या पत्त्यांची यादी जशीच्या तशी उतरवून घ्या आणि जो पत्ता बदलेल त्याला कायमचं वळण लावा. दुसरी गोष्ट शोधायच्या चौकटीची. ‘कैऱ्या’ या शब्दातला ऱ्या संगणकात एकाहून जास्त प्रकारे टंकला जातो. डोळ्यांना सारखाच दिसतो, यंत्राला वेगळा वाटतो आणि ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे युनिकोडचं एकच प्रमाणरूप लावायला सांगा. हापूस, हापुस आणि रोमन लिपीतले त्याचे अवतार यांची समानार्थी यादीही मागच्या बाजूला हवी, म्हणजे ॲपलाही तीच मिळेल.

हे सगळं एका रात्रीत बदलायचं नाही. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये अशा कामाच्या एका रीतीबद्दल लिहिलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये त्यांनी मोठ्या झाडावर उगवून हळूहळू त्याला वेढून टाकणारी वडाच्या कुळातली झाडं पाहिली होती. कोकणात जुन्या झाडाच्या बेचक्यात पिंपळ उगवतो, तसं. नवी बाजू जुन्याच्या अंगावर वाढू द्यायची. आधी बागेची माहिती, पाककृती, नेहमीचे प्रश्न ही पानं नव्या बाजूकडे न्या. मग मालाची यादी, मग एकेका वस्तूचं पान, मग पिशवी. चेकआउट सगळ्यात शेवटी. शॉपिफायवर तर पिशवीपर्यंतच स्वतःचं बांधून पुढे त्यांच्याच चेकआउटवर पाठवण्याची रीत आहे, आणि लहान दुकानाला तीच बरी. या मधल्या काळात दोन्ही बाजू एकाच डोमेनवर ठेवा, नाहीतर नव्या पानावर भरलेली पिशवी जुन्या चेकआउटवर रिकामी निघेल.

मागची बाजू बंद पडली तर पुढचीने काय म्हणावं, तेही लिहून ठेवा. तयार पानं तर दिसतच राहतात, त्यामुळे बाहेरून सगळं ठीक वाटतं. अशा वेळी ‘विकत घ्या’ची कळ झाकून ‘आत्ता ऑर्डर घेता येत नाही, या नंबरवर फोन करा’ असं दिसलं पाहिजे. डोमेन, होस्टिंगची खाती आणि कोडचं भांडार पहिल्या दिवसापासून तुमच्या स्वतःच्या नावावर असू द्या. काम करणारी माणसं बदलतात.

वेळेचं म्हणाल तर आंब्याच्या दुकानाने पाऊस सुरू झाल्यावर हे काम हाती घ्यावं आणि बुकिंग सुरू होण्याआधी, जानेवारीत, हात थांबवावा. फराळवाल्यांनी दिवाळीनंतर सुरू करावं. जुनी थीम पुढचा एक हंगाम तशीच ठेवा, एका कळीने परत जाता येईल अशी. आणि दार उघडण्याच्या आदल्या आठवड्यात एक रुपयाची वस्तू यादीत गुपचूप लावून नागपूरच्या, पणजीच्या, जमलं तर परदेशातल्या नातेवाइकाकडून ती मागवून घ्या. यूपीआयने, कार्डाने आणि पैसे भरून ॲप मध्येच बंद करून. मग शेडमध्ये जा, त्या ऑर्डरींच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या छापायला सांगा, आणि प्रत्येकीवरचा पिनकोड स्वतः वाचून बघा.